भरवशाचे शस्त्र कोणते?

माझी सारी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली. १८६९ साली सुरू झालेला हा कारखाना पुण्याकडच्या मंडळींना ठाऊक आहे. हैदराबादेस मुलाकडे राहावयास आल्यापासून मात्र, "तुम्ही तेथे नेमके काय करीत होता?" असे विचारणारे भेटतात. मी काडतुसे तपासण्याच्या विभागात होतो. एखादे काडतूस उडाले नाही तर ते का उडाले नाही, हे शोधून काढणे एवढेच माझे काम. ही ओळख करून देण्याचे कारण असे की, गेल्या पावसाळ्यात एका रविवारी उपासना संपल्यावर आमच्या एका स्नेह्यांनी मला बाजूला घेतले आणि आवाज उतरवून विचारले, "भाऊ, घरात ठेवायला भरवशाचे हत्यार कोणते? तुम्हाला त्यातले कळते."

हे गृहस्थ रामचंद्रपुरमच्या भेलमधून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट. टाऊनशिप सोडल्यावर त्यांनी त्यापलीकडच्या नव्या वसाहतीत घर बांधले. घरी पत्नी, मुलगी आणि आठ वर्षांचा नातू. वहिनींचे गुडघे गेलेले. मुलगी गच्चीबावलीच्या एका कंपनीत अमेरिकेच्या वेळेप्रमाणे काम करते आणि पहाटे तीनच्या सुमारास गाडीने घरी येते. त्यांच्या दोन गल्ल्या पलीकडे एका म्हाताऱ्या जोडप्याला चोरांनी खुर्चीला बांधून बांगड्या काढून नेल्या, तेव्हापासून ह्यांची झोप गेली आहे. अमेरिकेतला मुलगा फोनवर म्हणाला, "पपा, एक पिस्तूल घेऊन टाका, इकडे पुष्कळांच्या घरी असते."

त्यांच्या भीतीला हसण्याचा मला अधिकार नाही. माझे घर चौथ्या मजल्यावर आहे आणि खाली रखवालदार बसतो.

प्रश्न ऐकून मला बरे वाटले, हे मी कबूल करतो. निवृत्त माणसाला त्याच्या विद्येतले कोणी विचारले की तो फुलून येतो. मी घरी जाऊन दोन कागद भरून टिपण लिहिले आणि पुढच्या शनिवारी त्यांच्याकडे गेलो. त्या टिपणात होते ते थोडक्यात सांगतो, कारण ते खोटे नव्हते. परवान्याने साध्या नागरिकाला हातात धरायचे हत्यार मिळते ते बहुधा बत्तीस बोअरचे. पोलिसांकडचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल त्याला वर्ज्य आहे. परदेशातून हत्यार मागविण्याची वाट १९८० च्या दशकातच बंद झाली, म्हणून कोणा जमीनदाराच्या पेटीतून निघालेले जुने वेब्ली रिव्हॉल्व्हर आज लाखांनी विकले जाते आणि घेणाऱ्याला वाटते की विलायती म्हणजे भरवशाचे. साठ-सत्तर वर्षांच्या स्प्रिंगवर कसला भरवसा? त्यापेक्षा कानपूरचे सरकारी रिव्हॉल्व्हर नवे तरी असते. तेथेच २०१४ साली 'निर्भीक' नावाचे, सुमारे पाचशे ग्रॅम वजनाचे, स्त्रियांसाठी म्हणून रिव्हॉल्व्हर निघाले. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. सव्वा लाख रुपये देऊ शकणाऱ्या स्त्रीला रात्री बसच्या थांब्यावर उभे राहावे लागत नाही, हे त्या वेळी पुष्कळांनी म्हटले होते, आणि मलाही तसेच वाटते.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, या प्रश्नाचे उत्तर मी रिव्हॉल्व्हर असे दिले होते. त्याच्या फिरत्या चक्रीत सहा घरे असतात. एक काडतूस फुकट गेले तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचे घर समोर येते. पिस्तुलात रिकामे टरफल बाहेर फेकले जाऊन नवे काडतूस आत यावयाचे असते. टरफल मध्येच अडकले की दोन्ही हातांनी वरचा भाग मागे ओढून ते मोकळे करावे लागते. झोपेतून उठलेल्या, थरथरत्या हातांच्या माणसाकडून ते होईल असे मला वाटत नाही.

परवान्याचेही मी लिहिले होते. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे अर्ज करावयाचा, शस्त्र कशासाठी हवे ते सांगावयाचे, मग पोलिसांची चौकशी. २०१६ च्या नियमांपासून हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते आणि ते सुरक्षित जागी ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. त्या दिवसांत चोरांनीही सुट्टी घ्यावी अशी अपेक्षा असावी!

वहिनींनी चहा आणि उस्मानिया बिस्किटे आणली होती. त्या बसून सगळे ऐकत होत्या. माझे वाचन संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "भाऊजी, ते ठेवायचे कुठे?"

"कपाटात. कुलूप लावून, काडतुसे वेगळ्या खणात," मी म्हणालो. घरात आठ वर्षांचे मूल. दुसरे उत्तर नव्हते.

"मग चोर आत आल्यावर हे चष्मा शोधणार, किल्ली शोधणार, कपाट उघडणार, दुसरा खण उघडणार, एकेक काडतूस भरणार?"

"तर मग उशाखाली, भरलेले," स्नेही म्हणाले.

"आणि मुन्ना दुपारी तुमच्याच उशीवर लोळत असतो."

माझ्या टिपणात यावर एक ओळही नव्हती. चौतीस वर्षे मी हत्याराचा भरवसा एकाच बाजूने मोजीत आलो होतो. चाप ओढला की उडाले पाहिजे, ही त्याची कसोटी. पण घरातल्या हत्याराला दुसरी कसोटी लागते, आणि ती पहिलीहून कठीण आहे. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत ते उडता कामा नये. मुलाच्या हाती, नोकराच्या हाती, घरातल्या दुःखी आणि चिडलेल्या माणसाच्या हाती ते उडता कामा नये. आणि कधी काळी एका रात्री, एका क्षणी, उडाले पाहिजे. ह्या दोन्ही कसोट्यांना उतरेल असे हत्यार कानपूरला होत नाही आणि विलायतेतही होत नाही. कुलपात ठेवले तर ते चोराच्या वेळी निकामी, उशाखाली ठेवले तर बाकी सर्व वेळ घातक. ह्या दोहोंतून मधली वाट काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या पेट्या अमेरिकेत मिळतात. पण ठसा ओळखणाऱ्या पेटीला बोट कोणाचे ते कळते, त्या माणसाचे त्या रात्रीचे मन कसे आहे ते कळत नाही.

माझे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटेल त्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे चित्रपट-अभिनेते गोविंदा मुंबईच्या आपल्या घरी कोलकात्याला जाण्याच्या तयारीत होते. परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटले, गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात शिरली. ते वाचले, देवाची कृपा. दुसरी गोष्ट आमच्या जवळची, आदिलाबादची, जेथे बाजारात आजही मराठी ऐकू येते. १८ डिसेंबर २०२० रोजी मुलांच्या क्रिकेटवरून दोन घरांत भांडण लागले. त्यातल्या एका बाजूच्या राजकीय पुढाऱ्याने घरात असलेले परवान्याचे रिव्हॉल्व्हर बाहेर काढले. तिघे जखमी झाले, त्यांतला एक पुढे दगावला, आणि झाडणाऱ्याला जन्मठेप झाली. त्या परवान्यावर मुलांच्या क्रिकेटचे कारण खचित लिहिलेले नव्हते. स्वसंरक्षणच लिहिलेले असणार. अमेरिकेत १९९३ साली आर्थर केलरमन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यात बंदूक असलेल्या घरी खून होण्याचा संभव बंदूक नसलेल्या घरापेक्षा सुमारे २.७ पट आढळला. त्यावर तेथे आजवर वाद चालू आहे आणि अमेरिकेचे माप आपल्याला जसेच्या तसे लागू नाही. परंतु तिकडे बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक आत्महत्या करणारे असतात, यावर वाद नाही. ज्यांच्या घरात कोणी रात्र-रात्र जागणारे आहे त्यांनी याचा विचार चोराच्या आधी करावा.

पण खरा प्रश्न याहून खोल आहे, आणि तो मला मोशेच्या नियमशास्त्रात सापडला. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात घर फोडणाऱ्या चोराविषयी नियम आहे. तो घर फोडताना सापडला आणि मार बसून मेला, तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही. मात्र सूर्य उगवला असेल तर दोष आहे. चोराने भरपाई करून द्यावी, जीव देऊ नये. आता आपला दंडविधान पाहा. १८६० च्या दंड संहितेचे कलम १०३, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ४१, यांत मालमत्तेच्या रक्षणासाठी दुसऱ्याचा जीव घेण्यापर्यंत अधिकार पोचतो अशी जी मोजकी प्रसंगे सांगितली आहेत, त्यांत रात्रीची घरफोडी आहे. नव्या संहितेत तर सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी असेच शब्द आहेत. सिनाय पर्वताच्या पायथ्याशी सांगितलेल्या आणि मेकॉलेसाहेबांनी कलकत्त्यास आखलेल्या नियमांत सूर्याचीच रेघ ओढलेली असावी, याचे मला मोठे नवल वाटले. मेकॉलेला तर येथील लोक दरोडेखोरांपुढे फार नमतात अशी तक्रारच होती. स्वसंरक्षणाचा अधिकार त्याने मुद्दाम ऐसपैस ठेवला. तरीही सूर्य त्याला ओलांडता आला नाही.

रात्री असे काय असते की जे दिवसा नसते? अंधारात आलेला कोण, किती जण आहेत, चांदीसाठी आला की जिवासाठी, हे घरधन्याला दिसत नाही. नियम त्याला क्षमा करतो ती त्याच्या न दिसण्याला. चोराचा जीव रात्री स्वस्त होतो म्हणून नव्हे. त्याच संहितेच्या कलम ३७ मध्ये पुढची मर्यादा आहे. बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा अधिकार नाही, आणि पोलिसांकडे धाव घेण्यास सवड असेल तर अधिकारच नाही. म्हणजे ज्या घरधन्याने दिवा लावला आणि पाहिले की समोर कोवळ्या मिशीचा पोरगा पाठ करून पळतो आहे, त्याच्यापुरता सूर्य उगवला. आता झाडलेली गोळी पळत्या पोराच्या पाठीत जाईल. कायदा एका वेळी एक पाहील, प्रभूपुढे मात्र दोन्हींचा जाब आहे.

आणि दिवा न लावता झाडली तर? वहिनींचा दुसरा प्रश्न हाच होता. "रात्री तीनला जिन्यावर पाय वाजतात ते रोज आमच्या लेकीचे असतात," त्या म्हणाल्या. वसाहतीत आजवर जे चोर आले ते एकदा आले. मुलगी आठवड्यातून पाच रात्री येते. अंधारात, चष्म्याशिवाय, भरलेले हत्यार हातात घेऊन जिन्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या बापापुढे कोण येण्याचा संभव जास्त, हे गणित करायला खडकीची नोकरी लागत नाही.

माझ्या आजोळची एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. माझे आजोळ जालन्याजवळच्या बेथेलचे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसविलेले हे गाव त्या काळी निजामाच्या राज्यात होते. आजोबांकडे रानडुकरांसाठी ठेवलेली ठासणीची बंदूक होती. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने गावातले पुरुष पाळीपाळीने जागत. एका रात्री आजोबांना कुंपणापाशी सावली हललेली दिसली. त्यांनी हटकले, उत्तर नाही. त्यांनी बंदूक खांद्याला लावली. तेवढ्यात सावली खोकली. तो खोकला शेजारच्या बहिऱ्या म्हाताऱ्याचा होता; सून अडली म्हणून तो सुईणीला बोलावण्यास निघाला होता. आजी ही गोष्ट सांगताना त्या खोकल्यापाशी थांबत असे. सप्टेंबरात भारतीय सैन्य आल्यावर आजोबांनी बंदूक कचेरीत देऊन टाकली, पण त्याआधीच्या तीन महिन्यांत पुन्हा ती खुंटीवरून उतरविली नाही आणि जागण्याची पाळीही चुकविली नाही. हातात कंदील आणि काठी घेऊन ते जात.

यावर कोणी म्हणेल की ख्रिस्ती माणसाने दुसरा गाल पुढे करावा, शस्त्राचा प्रश्नच का काढावा? मला हे उत्तर फार सोपे वाटते. प्रभूने माझा गाल पुढे करण्यास सांगितले आहे, माझ्या पत्नीचा नव्हे. खुर्चीला बांधलेल्या म्हातारीच्या बांगड्या ओढल्या जात असताना आपला हात स्वच्छ राहिला यात समाधान मानणारा पुरुष मला धार्मिक वाटत नाही. नहेम्याने भिंत बांधताना लोकांच्या हाती शस्त्रे दिलीच. पण चौथा अध्याय नीट वाचला तर दिसते की त्याचा खरा भार शस्त्रांवर नव्हता. त्याने कुटुंबेच्या कुटुंबे एकत्र उभी केली, रात्रीचा पहारा लावला, आणि कर्णा वाजविणारा माणूस आपल्याजवळ ठेवला, की कर्णा ऐकू आला म्हणजे सर्वांनी तेथे धावावे. आमच्या स्नेह्यांच्या वसाहतीत चाळीस घरे आहेत आणि एकाही घराला शेजारच्या घराचा फोन नंबर ठाऊक नव्हता.

शस्त्राच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो तो लूकचा बाविसावा अध्याय. त्यात प्रभू शिष्यांना अंगरखा विकून तरवार घेण्यास सांगतो आणि ते दोन तरवारी दाखवितात. पंडितांनी त्याचे अर्थ अनेक केले आहेत, मी त्यांत पडत नाही. मी पाहतो ते एवढेच की, त्याच रात्री त्या तरवारीचा उपयोग झाला, आणि तो कसा झाला. पेत्राचा वार मुख्य याजकावर पडला नाही, यहूदावर पडला नाही. पडला तो हुकूम झाला म्हणून आलेल्या एका दासावर. त्याचे नाव मल्ख होते हे योहान सांगतो, आणि प्रभूने त्याचा कान बरा केला हे लूक. अंधार, घबराट, आणि समोर सापडलेला सर्वांत हलका माणूस. आपल्या घरांत शिरणारेही पुष्कळदा असेच कोणी असतात. हैदराबादेतच बेगमपेठेत २१ मार्च २०२४ रोजी दोन माणसे पार्सल देण्याचे निमित्त करून भर दुपारी एका घरात शिरली. त्यांच्याजवळ गावठी पिस्तूल आणि चाकू होता. घरातल्या आईने व मुलीने आरडाओरडा करून, लाथाबुक्क्यांनी त्यांना पिटाळले. शेजारी धावले, एक तेथेच सापडला, दुसरा नंतर. ही माणसे पूर्वी त्याच घरी कामाला येऊन गेलेली होती असे तपासात निघाले. त्या माऊलीचे धैर्य सर्वांच्या अंगी येणार नाही, आणि तिने केले ते वहिनींनी आपल्या गुडघ्यांनी करावे असे मी म्हणणार नाही. पिस्तूल चालले असते तर आपण ही गोष्ट वेगळ्या रीतीने सांगितली असती. पण तिला समोरच्याचा चेहरा दिसत होता, आणि तिचा आवाज शेजारी पोचला.

हे सर्व मी स्नेह्यांना इतक्या क्रमाने सांगितले नाही. त्या शनिवारी मी टिपण त्यांच्या हाती दिले आणि म्हणालो, "हत्यार घ्यायचेच तर हे घ्या. पण मी तुम्हाला घ्या असे म्हणणार नाही." ते चिडले. "चौतीस वर्षे तुम्ही काडतुसे केलीत, त्यावर मुले शिकविलीत, आणि आता मला उपदेश?" असे ते म्हणाले, आणि पुढचे दोन रविवार माझ्या बाकावर बसले नाहीत.

त्यांचे बोलणे मला लागले, कारण त्यात खरे होते. शिपायाच्या काडतुसाची मोजदाद असते, त्याच्या डोक्यावर अधिकारी असतो, झाडलेल्या गोळीचा हिशेब द्यावा लागतो. रोमकरांस पत्रात अधिकाऱ्याच्या तरवारीविषयी जे म्हटले आहे ते मी पुष्कळ वर्षे मनाशी धरून कामावर गेलो. परंतु खडकीत बत्तीसची काडतुसेही होत असत, दुकानांतून विकण्यासाठी. त्या पेट्याही तपासून पुढे गेल्या. त्या कोणाच्या कपाटात गेल्या आणि कोणाच्या उशाखाली, हे मी कधी विचारले नाही. ते उडतील एवढे मी पाहिले होते. याचे उत्तर माझ्यापाशी अजून नाही, आणि ते त्यांना तसे सांगितलेही.

आता वसाहतीच्या चाळीस घरांचे फोन नंबर एका कागदावर छापून प्रत्येक दाराच्या आत चिकटविले आहेत. स्नेह्यांनी जिन्याला दिवा बसवून घेतला, फाटकाला घंटा लावली, मागच्या दाराला लोखंडी जाळी. मुलगी फाटकाशी आली की फोन करते. ते उठतात, चष्मा लावतात, दिवा लावतात आणि स्वतः दार उघडतात. परवान्याचा अर्ज भरलेला आहे. सही केलेली नाही. तो त्यांच्या टेबलाच्या खणात माझ्या टिपणासोबत आहे, असे वहिनी म्हणाल्या. मी त्यांना त्याविषयी विचारले नाही, आणि तेही काही बोलले नाहीत. गेल्या रविवारी ते माझ्या बाकावर येऊन बसले.